चिखलदऱ्याहून बेसा: भर एप्रिलात घर हलवल्याच्या नोंदी

६ एप्रिल, चिखलदरा

बायकोची बदली नागपूरला झाली, जॉइनिंग १५ तारखेला. दोन महिने थांबून पावसाळ्यात गेलो असतो तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती, पण ऑर्डर हातात आली की आपण कोण थांबणारे. माझं काम लॉजवाल्यांचे हिशोब ठेवायचं, ते लॅपटॉपवर कुठूनही होतं, त्यामुळे घर हलवायचं खातं माझ्याकडे आलं. आम्ही चौघं आहोत, मी, बायको, आठवीत जाणारा पोट्टा आणि आई. आईचा सगळा जन्म चिखलदऱ्यात गेला.

चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, नागपूर तीनशे दहा. म्हणजे आठशे मीटरचा फरक, नुसत्या उंचीचेच पाचेक डिग्री धरा. आम्ही ते पाच डिग्री धरले आणि खुश झालो. सिमेंट, डांबर, वरचा मजला, पश्चिमेची खिडकी, यातलं काहीच धरलं नव्हतं.

फ्लॅट बेशातला, म्हणजे नागपूरला लागूनच. मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी जाऊन पाहिला होता. तिसरा मजला, वर गच्ची, भाडं साडेअकरा हजार, डिपॉझिट पंचवीस. मीच म्हणालो, वरचा घेऊ, वारा येईल. चिखलदऱ्यातला माणूस असाच विचार करतो. तुम्ही घर पाहायला जाल तर दुपारी तीन वाजता जा आणि छताला हात लावून पाहा. हात पुरत नसेल तर स्टूल मागा, लाजू नका.

९ आणि १० एप्रिल: ट्रक

टाटा ४०७, दोन हमाल धरून साडेसोळा हजार. ट्रकमध्ये काय काय भरलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही भरणार नाही: अकरा गोधड्या, तांब्याचा बंब, गिझर, रूम हीटर, अर्धं पोतं कोळसा आणि कॉफीची चार रोपं. विदर्भात कॉफी होते ती फक्त आमच्याकडे, म्हणून आईने डब्यात लावून घेतली होती.

मोठी चूक निघायच्या वेळेची. हमाल आरामात आले, चहा झाला, भरता भरता साडेनऊ वाजले. धामणगाव गढीचा घाट उतरून परतवाड्यात आलो तेव्हाच ड्रायव्हरने डोक्याला दुपट्टा बांधला, मला वाटलं स्टाइल मारून राहिला. अमरावती, नांदगावपेठ, मोझरी, तळेगाव, कोंढाळी, आणि प्रत्येक थांब्यावर मागे जाऊन पाहावं तर ताडपत्रीच्या आत नुसती भट्टी. पावणेपाचला बेशात पोहोचलो तर हमाल म्हणाले भाऊ, आता नाही, सहा वाजल्यावर उतरवू, लोखंडाची कॉट हाताने धरवत नाही. खरंच धरवत नव्हती. ड्रायव्हरने वेटिंगचे बाराशे लावले, तेही बरोबरच होतं.

सामान उघडलं तर कॉफीची चारही रोपं गेलेली. पावसाळ्यात लाइट जाते म्हणून डझनभर मेणबत्त्या डब्यात होत्या, त्या सगळ्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. आईने तो डबा उघडला, पाहिला, काही न बोलता झाकण लावलं.

पहाटे तीनला निघायला पाहिजे होतं. दहाच्या आत सामान घरात असतं.

१२ एप्रिल

पहिल्या दोन दिवसांत सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. उकडतंय तर खिडकी उघडा, हेच लहानपणापासून माहीत. दुपारी दीड वाजता समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारात उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "काहून हो आजी, भट्टीचं दार उघडून बसले का?"

त्यांनी जे सांगितलं ते असं: सकाळी साडेआठ-नऊला सगळं बंद, पडदे ओढलेले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी. बाहेरून म्हणजे बाहेरूनच, आतून लावली तर काच तापून गर्मी आत आलेलीच असते. संध्याकाळी साडेसात-आठला सगळं उघडायचं ते पहाटेपर्यंत. म्हणजे आमचं घर जसं चालायचं त्याच्या बरोब्बर उलटं. आईला हे अजून पटलेलं नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं की ती हळूच एक झडप उघडते.

जाळीचे साडेसहाशे. रात्री अकराला भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३८. पंखा लावला की वरून कोणी इस्त्री फिरवून राहिल्यासारखं वाटतं, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती गर्मी खाली सोडतो.

१४ ते १८ एप्रिल: कूलर, यात सगळ्यात जास्त वेळ गेला

एसी घ्यायचा नाही हे ठरलेलं, एकतर भाड्याचं घर, दुसरं म्हणजे दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो, कूलर दोनशेत भागतो.

दुकानात गेलो आणि दिसायला छान म्हणून प्लास्टिकचा, चाकांचा, छोटा कूलर घेतला, ७८०० रुपये. हॉलच्या मधोमध ठेवला, काकूंनी सांगितलेलं डोक्यात ताजं होतं म्हणून सगळं घर बंद करून चालू केला. पहिली वीस मिनिटं स्वर्ग. तासाभराने अंगाला सगळं चिकट, चादर ओलसर, पापड मऊ, आणि थर्मामीटर जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी बर्फ टाकून पाहिला. काही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी जास्त, चौथ्या दिवशी पाणी कमी. चार दिवस असे गेले.

शेवटी मानेवाडा रोडवर एक लोखंडी कूलर बनवणारा आहे त्याच्याकडे गेलो. तो पत्रा कापता कापता म्हणाला, "भाऊ, बंद डब्यात कूलर काय करन? जुनी हवा बाहेर जाईन तवाच नवी येईन ना." विषय एवढाच होता. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला पाहिजे, ती ओल्या जाळीतून गार होऊन आत आली पाहिजे आणि तेवढीच हवा दुसऱ्या बाजूने निघून गेली पाहिजे. आतलीच हवा फिरवत राहिलं तर ती ओली होत जाते आणि ओल्या हवेत पाणी उडत नाही, पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार.

त्याच्याकडून अठरा इंची पंख्याचा डेझर्ट कूलर घेतला, साडेनऊ हजार, स्टँडचे अकराशे वेगळे. बेडरूमच्या उत्तरेच्या खिडकीत बाहेरून बसवला. छोटा कूलर दुकानदार परत घेईना, शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका विद्यार्थ्याला पाच हजारात दिला. त्याला खिडकीत ठेवायला सांगूनच दिला.

आता आउटलेट किती उघडायचं याची एक सोपी युक्ती. कूलर फुल करा, समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडा आणि फटीजवळ वर्तमानपत्राची पातळ पट्टी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला ताठ उडली पाहिजे. लोंबकळली तर अजून उघडा. आमच्याकडे एक वीत उघडल्यावर जमलं. बेडरूमचं दार किलकिलं ठेवलं की हॉलमध्येही थोडी गार हवा जाते, पण मग हॉलची खिडकी पण उघडी लागते, आणि आई जिंकते.

कूलरच्या ओल्या जाळ्यांबद्दल: वुडवूल, म्हणजे लाकडाचं बारीक गवत, स्वस्त, पण दर सीझनला बदलावं लागतं. हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं पॅड, महाग आणि दोन-तीन सीझन जातं म्हणतात. मी वुडवूल घेतलं आणि भरताना दाबून दाबून भरलं, जास्त गवत म्हणजे जास्त गार असं समजून. हवाच येईना. अर्धं काढलं, हाताने मोकळं केलं, मग ठीक झालं. वाळ्याच्या ताट्याही मिळतात, वास अप्रतिम, मी फक्त एक बाजू वाळ्याची केली आईसाठी.

२७ एप्रिल: शॉक

हे नीट वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

सकाळी कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होतो, कूलर चालू, पाय अनवाणी, खाली पाणी सांडलेलं. डावा हात पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. जोराचा नव्हता म्हणून हे लिहून राहिलो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, पेपरात बातमी येते, आपण पान उलटतो.

इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला, पत्र्यावर दिवा लागला. कारणं दोन. पंपाची वायर जिथून पत्र्यातून आत जाते तिथे रबराचा बूच नव्हता, पत्र्याच्या धारेने वायर सोलली होती. आणि भिंतीतल्या बोर्डाला तिसरं भोक होतं पण त्याच्या मागे अर्थिंगची वायरच नव्हती, नुसतं भोक. घरमालक काकांना फोन केला तर म्हणाले अजूनपर्यंत कोणाची तक्रार नाही. अर्थिंग ओढून घेणं आणि वायर बदलणं १४५०, मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट लगेच तोडणारा स्विच, २१००. काकांनी निम्मे द्यायचं कबूल केलंय, जूनच्या भाड्यातून कापणार.

आता घरात नियम आहे: पाणी भरायचं तर आधी स्विच बंद, मग प्लग काढून हातात दाखवायचा, पायात चप्पल. पोट्ट्याला कूलरला हात लावायची मनाई.

४ ते ७ मे: गच्चीला चुना

काकांची परवानगी घेतली, त्यांना काय, फुकटात गच्ची रंगून मिळते.

पहिला प्रयत्न वाया. कळीचा चुना आणला आणि प्लास्टिकच्या बादलीत घालून वर पाणी ओतलं. चुना विरताना किती तापतो याची कल्पना नव्हती, पाणी खदखदा उकळायला लागलं आणि बादलीचा बूड मऊ होऊन एका बाजूला बसला. बादली गेली, अर्धा चुना गच्चीच्या पन्हाळीत गेला. उरलेला दुपारी बारा वाजता तापलेल्या स्लॅबवर लावला, म्हटलं लवकर वाळेल. वाळला ना, ब्रश उचलायच्या आत वाळला. दुसऱ्या दिवशी पाय ठेवला की पांढरी भुकटी. सातशे रुपये आणि एक दिवस गेला.

दुसऱ्यांदा लोखंडी ड्रम मागून आणला, चुना रात्रभर भिजवला, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या कापडातून गाळला आणि त्यात फेविकॉल मिसळला. संध्याकाळी सहाला गच्ची झाडून पाण्याने भिजवली, तापलेला स्लॅब पहिलं पाणी चर्र करून पितो, म्हणून दोनदा भिजवली. मग पातळ पहिला हात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आडवा दुसरा हात. डोळ्यांना गॉगल लावा, चुन्याचा थेंब डोळ्यात जाणं म्हणजे गंमत नाही. या वेळचा खर्च सोळाशे.

रात्री अकराचा आकडा ३८-३९ वरून ३६ वर आला. दोन-तीन डिग्री ऐकायला काही वाटत नाहीत, पण आदल्या आठवड्यात पोट्टा रात्री तीनदा उठून फरशीवर पाणी ओतून झोपत होता, तो आता एका अंगावर झोपतो.

प्लास्टिकच्या काळ्या टाकीला पोती गुंडाळून सुतळीने बांधली. दुपारी नळाला हात धुता येत नव्हते इतकं पाणी तापायचं. इथले लोक आंघोळीचं पाणी पहाटेच बादलीत भरून ठेवतात आणि दुपारी ते गार पाणी म्हणून वापरतात. आणि आम्ही चिखलदऱ्याहून गिझर आणला.

९ मे

आईची सागवानी पेटी तडकली. आजीच्या लग्नातली. चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात ढगच घरात येतात, या पेटीवर दरवर्षी हिरवी बुरशी चढायची आणि आई ती खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसायची, झाकण फुगून नीट बसायचं नाही. इथे महिनाभरात लाकूड इतकं आवळलं की झाकणाच्या फळीत लांब चीर, करंगळीचं नख जाईल एवढी. दुपारी फट्ट असा आवाज आला होता, आम्हाला वाटलं बाहेर फटाका. कॉटचे सांधेही ढिले झालेत, कूस बदलली की कुरकुर. सुतार म्हणाला आत्ता काही करू नका, पाऊस पडू द्या, लाकूड परत भरतं. पेटी कूलरच्या झोतासमोरून काढून आतल्या भिंतीला ठेवली, झोतात ओली आणि बाजूला सुकी असं करून मीच तिची वाट लावली असणार.

१३ मे: पाणी

बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर, आमच्या बिल्डिंगला बोअर आहे आणि मे महिन्यात बोअर खोकायला लागतो. टँकर पाच हजार लिटरचा नऊशे रुपये, सगळ्या फ्लॅटमध्ये वाटून. मीटिंगमध्ये एकाने विचारलं कूलर किती पाणी पितो, मी घरी येऊन बादल्या मोजल्या. दिवसाला दीडशे लिटर. चार माणसांच्या आंघोळीपेक्षा जास्त. मीटिंगमध्ये हा आकडा मी सांगितलेला नाही.

बोअरचं पाणी जड, जाळीवर पांढरा थर धरतो आणि पंप जाम होतो. एकदा पंप जळला, चारशे रुपये. आता दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, दोन तास उन्हात सुकू देतो. याने थर कमी होतो आणि डेंग्यूचे डासही होत नाहीत, त्यांचं अंड्यापासून डासापर्यंत आठवडाभरात होतं, म्हणून आठवड्याच्या आत सुकवणं महत्त्वाचं.

१९ मे

आईला ऊन लागलं. चिखलदऱ्यात ती आंघोळ-पूजा करून अकरा वाजता भाजी आणायला जायची, इथेही गेली, न सांगता, बेसा चौकापर्यंत पायी. परत आली तेव्हा चेहरा लाल, डोकं दुखतंय म्हणे, मळमळ, आणि मला तिने माझ्या काकाच्या नावाने हाक मारली. तेव्हा घाबरलो. थकवा, घाम, पायात गोळे इथपर्यंत घरी सावलीत झोपवून पाणी देऊन चालतं, पण बोलण्यात गडबड झाली की घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. रिक्षात जाताना ओला दुपट्टा मानेवर, काखेत, आणि हवा घालत राहिलो. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका, ठसका लागतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

सलाइन, तपासण्या, एक रात्र, ३८०० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत, नर्सला विचारत होती भाजी किलोने काय भाव.

आता घरात एक लिटरची बाटली कायम: सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा, चोवीस तासांत संपवायची नाही तर फेकायची. शिवाय कैरीचं पन्हं. खिशात कांदा ठेवायचा सल्ला सहा जणांनी दिला, आई ठेवते, मी वाद घालत नाही. भाजी आता सकाळी सातला मी आणतो.

२५ मे: नवतपा सुरू

सूर्य रोहिणीत, नऊ दिवस. बाहेरचे सिग्नल हिरव्या जाळ्यांनी झाकलेत, लोक सावलीच्या तुकड्यात गाडी लावून तीस सेकंद काढतात. नातेवाइकांचे फोन: नागपूर ५६ डिग्री का रे? ते २०२४ च्या मे अखेरचं, एका सेन्सरने दाखवलं होतं आणि तो बिघडलेला निघाला. खरा रेकॉर्ड ४७.९ चा, २३ मे २०१३. तेवढा पुरेसा आहे.

आमचं टाइमटेबल आता बसलंय. पाचला उठणं, साडेसातपर्यंत बाहेरची कामं, नऊला घर बंद, स्वयंपाक नऊच्या आत, दुपारी गॅस पेटवायचा नाही. बायको मेट्रोने जाते, स्टेशनपर्यंत स्कूटर, सीटवर पांढरा टॉवेल टाकून ठेवायचा, नाही टाकला तर काय होतं ते तिने एकदा अनुभवलंय.

वीजबिल ४१२ युनिट. तीनशेच्या वर गेलं की पुढचे युनिट महागाच्या स्लॅबमध्ये जातात, तिकडे लक्ष ठेवा. चिखलदऱ्यात उन्हाळ्यात नव्वदच्या वर कधी गेलो नव्हतो.

१४ जून

ढग आले, पाऊस नाही. कूलर पुन्हा एप्रिलसारखा चिकट हवा फेकायला लागला. या वेळी चार दिवस नाही घालवले: हवेतच ओल आहे, पंप बंद, नुसता पंखा. तेवढाच उपयोग.

२२ जून

काल रात्री दोन तास धो धो. गच्चीवर जाऊन पाहिलं, चुना टिकला आहे, पन्हाळीजवळ वीतभर निघालाय. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, पोट्ट्याची उद्यापासून.

हिशोब केला. निव्वळ माझ्या चुकांचे: ट्रकचं वेटिंग १२००, छोट्या कूलरमधला तोटा २८००, पहिला चुना ७००, दवाखाना ३८००. साडेआठ हजार. काकांनी अर्थिंग आणि आरसीसीबीचे निम्मे, १७७५, भाड्यातून कमी केले, बोलले तसे वागले.

राहिलेली कामं: कूलर रिकामा करून, पंप काढून, ताडपत्रीत बांधणे. गिझर बाराशेला काढलाय, दोन जण पाहून हसून गेले. हीटर भंगारात. पेटीची चीर अर्धी मिटली आहे, नख आता जात नाही, सुतार दिवाळीनंतर पाहू म्हणाला. बंब विकायचा विषय काढला तर आई म्हणाली हात लावून पाहा. सध्या त्यात कांदे ठेवलेत.